सोन्याची आई

३ फेब्रुवारी

भिंगरी,

नीट पोचल्याचा निरोप शेजारच्या ड्रायव्हरकाकांकडे दिलास ते बरं केलंस. घरातला फोन मी काढून कपाटात ठेवलाय, मोबाइलही बंद. वाजला की सोन्या धावत येतो, कानाला लावतो आणि 'आई, आई' करत बसतो, पलीकडे कुणीही असो. परवा वीज ऑफिसातली एक मुलगी होती, बिचारी घाबरून गेली. तेव्हा आता पत्रं. तुला हसू येईल, पण माझं अक्षर अजून बरं आहे. जन्मभर नकाशे काढले, त्याचा एवढाच फायदा.

आईला जाऊन आता पंधरवडा होईल. सोन्याला अजून कळलेलं नाही. सांगितलं नाही असं नाही. तू होतीस तेव्हाही सांगितलं, तू गेल्यावरही समोर बसवून, हात हातात घेऊन सांगितलं, "सोन्या, आई गेली." तो मान डोलावतो. "हो, आई गेली," म्हणतो, आणि मग विचारतो, "कधी येणार?" शेवटी मन घट्ट केलं आणि म्हटलं, "आई मेली." त्यावर तो खो खो हसला. आई नळाला, मिक्सरला, न सापडणाऱ्या किल्लीला 'मेली' म्हणायची ना. त्याला वाटलं, मी आईची नक्कल करतेय.

जेवत नाही. दूध आणि बिस्किटं, बस. सेहेचाळीस वर्षांचा एवढा थोरला गडी, पण कॉलर मानेभोवती सैल झालीय. संध्याकाळी बूट घालून दारात उभा राहतो. आईची हॉस्पिटलातली पाळी त्या वेळी सुटायची. ती निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण याच्या अंगात ती वेळ बसलीय.

तुला विचारायचं कारण असं. तुझी आई, म्हणजे आमची थोरली, वारली आणि आईने तुला इथे आणलं, तेव्हापासून लग्न होईपर्यंत तू या दोघांच्याच खोलीत वाढलीस. मी नोकरीपायी बाहेर, ती आता आई आजारी पडली तेव्हा परत आले. आई त्याला जेवू कशी घालायची हे मी कधी पाहिलेलंच नाही. मी सुट्टीत आले की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. म्हणायची, "तू बस, दमून आलीस." काही आठवत असेल तर कळव. लवकर.

मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी कामाचं.

पहिला घास आजी स्वतः खायची. आणि तोंड असं वाकडं करायची की जणू कुणी साबण चारलाय. "शी! काय हे बेचव! केलंय तरी कुणी?" मामा बोट दाखवायचा, "तू!" "मी? काहीतरीच. माझ्या हातचं असं नसतं." "तूच! तूच!" मग तो एक घास खायचा आणि ओरडायचा, "छान आहे!" आजी म्हणायची, "खोटं." तो दुसरा घास खायचा. असं करत ताट साफ. रोज, मावशी. रोज दोन्ही वेळा. मी शाळेत होते तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच जेवतात. मैत्रिणीकडे पहिल्यांदा जेवायला गेले आणि तिच्या आईसमोर तोंड वाकडं करून "शी, बेचव!" म्हणाले. पुन्हा तिथे बोलावणं आलं नाही.

आत्ता लॅबमध्ये बसून लिहितेय. समोर कुणाच्या तरी आजीची वरची कवळी आहे, मेणात एकेक दात बसवतेय. पिल्लू पाळणाघरात आहे, परत आणायला अजून वेळ आहे. दात बसवताना मला आजीच आठवते. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. मी म्हटलं होतं, "आजी, मी तुला सरळ करून देते." तर म्हणाली, "राहू दे गं, त्यांची सोबत आहे."

मावशी, ती हॉस्पिटलच्या लाँड्रीतून यायची तेव्हा तिच्या कपड्यांना वाफेचा वास असायचा. मामा तिच्या पोटात तोंड खुपसून तो वास घ्यायचा. कधी कधी ती त्याला कामावर न्यायची. ती दिवसभर त्या मोठ्या इस्त्रीच्या मशीनमध्ये चादरी सरकवायची, तो पलीकडे बसून उशांच्या खोळींच्या घड्या घालायचा. मुकादम ओरडला तर आजी म्हणायची, "साहेब, याच्या घडीसारखी घडी घालून दाखवा, मग याला घरी नेते." मुकादमाला काही जमायची नाही.

करून बघ. आणि तोंड नीट वाकडं कर, भीड बाळगू नकोस.

तुझी भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

केलं. तोंड वाकडं केलं, "शी! काय हे बेचव!" म्हटलं. अगदी आधी बाथरूमच्या आरशात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फार काळजीने म्हणाला, "ताई, तुला आवडलं नाही तर नको खाऊस." आणि माझं ताट उचलून ओट्यावर ठेवून आला.

मी नंतर बराच वेळ तिथेच बसले होते. तू लिहिलेली ती हसरी, नाटकं करणारी बाई कोण, याचा विचार करत. मला ठाऊक असलेली आई वेगळी होती, पोरी. माझी आई घरात यायची, चप्पल काढता काढता विचारायची, "अभ्यास झाला? कपडे आत आणले?" आणि उत्तर ऐकायच्या आधी सोन्याकडे वळलेली असायची. तिने मला कधी मारलं नाही, कधी टाकून बोलली नाही. पण माझ्यासाठी तिने तोंड कधी वाकडं केलं नाही. तक्रार करत नाही. तिच्याकडे जेवढं होतं तेवढं एकालाच पुरत होतं.

काल ड्रायव्हरकाका मला पुलापलीकडच्या, सोन्यासारख्यांना ठेवतात त्या संस्थेत घेऊन गेले. म्हणाले, "नुसतं बघून या, बघायला काय जातंय?" जागा स्वच्छ आहे. खोटं कशाला बोलू. पांढऱ्या खाटांच्या दोन रांगा, उंचावर एक टीव्ही, आवाज बंद केलेला. एका माणसाला कमरेला रुंद, मऊ पट्ट्याने खुर्चीशी बांधलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "पडू नयेत म्हणून." मी विचारलं, "ते पडतात का?" त्या म्हणाल्या, "आता नाही पडत."



सोन्याला दोन आठवडे अंघोळ नाही. डोक्यावर पाणी आलं की किंचाळतो. आई काय करायची?

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

नळाला शिव्या द्याव्या लागतात. हसू नकोस. आजी आधी स्वतःच्या हातावर पाणी घ्यायची आणि नळाला झापायची, "काय रे, अक्कल आहे का तुला? माझ्या लेकराला भाजायचा विचार आहे? माफी माग!" मग नळ थोडा बंद-चालू करून त्याला गुरगुरायला लावायची, ती झाली माफी. मामा म्हणायचा, "माफ केलं." मग पाणी.

तू संस्थेबद्दल लिहिलंस म्हणून सांगते. माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आजी हे मला बोलली होती, तुला कधी बोलली का माहीत नाही. मामा तीन वर्षांचा असताना एका मोठ्या डॉक्टरने सांगितलं, "याला कुठेतरी ठेवा आणि दोन मुली आहेत त्यांच्याकडे लक्ष द्या." आजोबांना ते पटलं. आजीने विचारलं, "कुठेतरी म्हणजे कुठे?" त्याने पत्ता दिला. ती एकटी जाऊन बघून आली. आजोबांना म्हणाली, "तिथे पोरांना नावाने कुणी हाक मारत नाही. मी आत जाऊन 'बाळा' म्हटलं, तर सगळी एकदम वळली." आजोबा म्हणाले, एक तर तो नाहीतर मी. आजी म्हणाली, "तुम्हाला स्वतःचं ताट वाढून घेता येतं." ते बदली मागून गेले ते गेलेच. ती लाँड्रीत लागली.

ती हे सांगताना अजिबात रडली नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माझ्या ब्लाउजला हुक लावत होती.

मावशी, एक सुचतंय. तिचा तो तपकिरी स्वेटर अजून धुतलेला नसेल तर अंगात घालून बघ. मामाला माणसं वासाने कळतात. आणि तिचा चष्मा. आणि ती बोलण्याआधी घसा साफ करायची, लहानसा, दोनदा. फार झालं का हे माझं? उपाय म्हणून सुचवतेय.

भिंगरी


६ मार्च

भिंगरी,

जेवला.

स्वेटर घातला, चष्मा लावला, केस तिच्यासारखे मागे घट्ट बांधले. संध्याकाळी तो बूट घालून दारात उभा होता. मी मागच्या जिन्याने खाली गेले आणि पुढच्या दाराने वर आले. घसा साफ केला. त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पोटात तोंड खुपसलं आणि म्हणाला, "आई, किती उशीर केलास."

ताट वाढलं. "शी! काय हे बेचव!" म्हटलं. त्याने बोट दाखवलं. "तू!"

दोन पाव, भाजी, अंडं, सगळं. नंतर अंघोळ. नळाने माफी मागितली.

हे काय करून बसले मी? पण जेवला गं.

मावशी

ता. क. बाबांची नुसती बदली झाली होती, असंच मला ठाऊक होतं. त्यांनी नंतर बिऱ्हाड का हलवलं नाही, हे विचारायचं कधी सुचलं नाही.


१५ मार्च

मावशी!

तुझं पत्र वाचून मी लॅबमध्ये उभ्या उभ्या नाचले. शेजारची म्हणाली, कवळी पडेल. पडली असती तरी चाललं असतं!

आता तुला आणखी पुरवते. सकाळी उठवताना ती त्याच्या पायाचा अंगठा धरून म्हणायची, "गाडी सुटतेय, चढणार कोण?" त्याला ताप आला की ती त्याच्याच शेजारी झोपून आपल्याला जास्त ताप आहे असं सोंग करायची, मग तो तिची काळजी घेता घेता औषध प्यायचा. आणि भांडण झालं की "जा, मी तुझ्याशी कट्टी" म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायची. एक मिनिटसुद्धा टिकायची नाही ती कट्टी.

बघ, तो आता सावरला की कामाला एखादी बाई लावता येईल आणि तू ऑफिसला परत जाऊ शकशील. सगळं मार्गी लागेल. आजी वरून बघून म्हणत असेल, "माझी नक्कल करतेय मेली."

तुझी, फार खूश असलेली,
भिंगरी


२१ ऑगस्ट

भिंगरी,

मध्ये तुझी तीन पत्रं आली, उत्तर झालं नाही. रागावू नकोस. लिहायला बसले की सोन्या येऊन म्हणतो, "आई लिहीत नाही." खरंच आहे, ती कधी लिहीत नव्हती. हे पत्र मी ड्रायव्हरकाकांच्या घरी बसून लिहितेय. सोन्याला सांगितलंय, लाँड्रीत जाऊन येते.

तो छान आहे. अंग भरलंय. दुपारी खोळींच्या घड्या घालतो. घरातल्या खोळी संपल्या की मी त्याच उलगडून पुन्हा देते. सगळं मार्गी लागेल म्हणाली होतीस. बाई लावून पाहिली. तिच्यासमोर मी साध्या आवाजात बोलले, तर तो थरथरायला लागला. एका वेळी दोन माणसं होता येत नाही मला. ऑफिसची रजा संपली. त्यांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. माझ्या टेबलावर आता दुसरं कुणी बसतं.

तुला हे सांगायला पत्र लिहितेय. मे महिन्यात एक दिवस तो जेवता जेवता थांबला. "ताई कुठे?" तो म्हणाला, "ताई चांगली होती. ताईला बेचव लागायचं." मी म्हटलं, "ताई तिच्या गावी गेली. कामाला." त्याने मान डोलावली. आता आठवड्यातून एकदा तरी विचारतो. आणि मीच उत्तर देते.

या घरात आई वारलेलीच नाही, पोरी. मग मी तिच्यासाठी रडू कधी? तिचा फोटो सोन्यासमोर ठेवता येत नाही, उलटा करून कपाटात आहे. आणि त्याहून वाईट एक झालंय. मी डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला जाते, तर मला आरशातली मी दिसते, चष्मा लावलेली. तिचं घसा साफ करणं आठवते, तर माझाच आवाज येतो. मला तशीही ती थोडीच मिळाली होती. तेवढीही मी वापरून संपवली.

म्हणून एक मागणं आहे. तिच्याबद्दल काहीतरी लिही, ज्याचा काही उपयोग नाही. जे मला करता येणार नाही. सोन्याशी ज्याचा संबंध नाही असं.

मावशी


२ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र नवऱ्याला वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच थांबले. मी मार्चमध्ये नाचले होते, त्याची आता लाज वाटते.

मला एकच आठवतं असं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजीने मामाला ड्रायव्हरकाकांच्या बायकोकडे बसवलं, त्या तेव्हा होत्या, आणि मला म्हणाली, "चल, बाजारात जाऊ." बाजाराचा थांबा आला, गेला. मी म्हटलं, "आजी, थांबा गेला." ती म्हणाली, "जाऊ दे." आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे काही नव्हतं. जुन्या टायरांचा ढीग, एक बाक, मोकळं मैदान, आणि एक कुत्रं, तेही झोपलेलं. आजी बाकावर बसली, चपला काढल्या, पाय लांब केले. पिशवीतून शेंगदाणे काढले. मला म्हटलं नाही की खा, मी आपले घेतले.

आणि मग मावशी, तिने शीळ घातली. ओठ गोल करून, सहज, एखाद्या कॉलेजातल्या पोरासारखी. अख्खं गाणं. मध्ये वरचा सूर आला तर डोळे मिटून तो लांबवला. कुत्र्याने मान वर केली. मी तोंडात शेंगदाणे धरून बघतच राहिले. म्हटलं, "आजी, तुला येतं?" ती म्हणाली, "तुझ्याएवढी होते तेव्हा आमच्या गल्लीत माझ्यासारखी कुणाचीच नव्हती. बाप म्हणायचा, ही पोरगी घराबाहेर काढेल मला." मी म्हटलं, "मग घरी का नाही घालत?" तर म्हणाली, "सोन्याला शीळ सहन होत नाही. कान धरून ओरडतो."

तेवढंच. मग दुसरी बस आली. उतरताना म्हणाली, "बाजार बंद होता, असं सांगायचं." पुन्हा कधी गेलो नाही.

याचा काही उपयोग नाही.

भिंगरी


१० ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं पत्र मी बाथरूममध्ये नळ सोडून वाचलं. आई वारल्यापासून पहिल्यांदा रडले. तोंडात टॉवेल कोंबला होता तरी सोन्याला ऐकू गेलं. तो दारावर डोकं आपटायला लागला, "आईला भाजलं! नळाने आईला भाजलं!" मला चेहरा पुसून बाहेर यावं लागलं. पण रडले, ते तुझ्यामुळे. मला ठाऊक नसलेली ती शीळ घालणारी मुलगी वारली म्हणून रडले.

आता दुसरं. फिरवून फिरवून लिहायला जमत नाही, म्हणून सरळच लिहिते. उन्हाळ्यापासून पोटात दुखत होतं. ड्रायव्हरकाकांनी जबरदस्तीने नेलं. आईला शेवटी जे निघालं होतं तेच आहे. आईचं उशिरा कळलं, माझं वेळेत कळलंय असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ऑपरेशन, आणि नंतर दोन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

आई पुन्हा जाणार, भिंगरी. या वेळी तर त्याच्या डोळ्यांदेखत.

तू येशील का? तुला सगळं येतं. माझ्याहून चांगलं येतं. तुझ्या आवाजात तर ती मुळातच आहे, फोनवर सोन्या तुझ्याच आवाजाला सगळ्यात जास्त 'आई' म्हणायचा. पिल्लूला घेऊन ये. दोन-तीन महिने. मी त्याला काय सांगायचं ते ठरवेन, त्याची काळजी करू नकोस.

मला माहीत आहे मी काय मागतेय. मीही ते सात महिने अंगावर घातलंय.

मावशी


१९ ऑक्टोबर

मावशी,

चार पानं लिहिली आणि फाडली. त्यात कारणं होती. पिल्लू रात्री माझ्याशिवाय झोपत नाही, लॅबवाले तीन महिने जागा ठेवणार नाहीत, नवऱ्याच्या पाळ्या. सगळी खरी आहेत. पण कारण ते नाही.

मला भीती वाटते. तू लिहिलंस ना, तिला आठवायला गेलं की तूच दिसतेस. माझ्याकडे आजी अजून आहे. अख्खी आहे. मला आई आठवत नाही, मला फक्त आजी आहे. मी तो स्वेटर घातला तर तीही जाईल. आणि पिल्लू समोर असेल, मावशी. एक मोठा माणूस मला आई म्हणतोय आणि मी त्याच्यासाठी तोंड वाकडं करतेय, हे बघत पिल्लू दाराआड उभी राहील. तू जशी उभी होतीस.

मी येणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी येईन, आठवडाभर तुझ्याजवळ हॉस्पिटलात राहीन, जे लागेल ते करीन. मामाला तेवढे दिवस संस्थेत ठेवू. तू बरी होईपर्यंतच. नंतर आणू घरी.

माझी आई गेली तेव्हा आजीने मला उचलून घरी आणलं होतं, कुणी बोलावलं नव्हतं तरी. आणि मी हे लिहितेय. तू मला काहीही बोललीस तरी मी ऐकून घेईन.

भिंगरी


१२ डिसेंबर

भिंगरी,

तुला मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. हॉस्पिटलात माझं सगळं केलंस. जाताना तू जिन्यात रडत होतीस, ते ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. आता त्याबद्दल पुरे.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली, माझ्याबद्दल. वेळेत कळलं असं वाटलं होतं, तसं नव्हतं. ते पुढे पसरलेलं आहे. डॉक्टरबाई फार गोड बोलतात, त्यावरूनच मी समजले. सोन्याला घरी आणायचा विषय निघाला तर त्यांनी माझ्या हातावर नुसता हात ठेवला.

दुसरी, त्याच्याबद्दल. काल मी पहिल्यांदा त्याला भेटायला गेले. मनाची तयारी करून गेले होते की तो ओरडेल, चिकटेल, नाहीतर पाठ फिरवेल. तसं काही नाही. तो खाटेवर बसला होता, केस बारीक कापलेले, अंगाने बरा. वॉर्डातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "आले तेव्हा नुसता धिंगाणा. चार दिवस पाणी घेतलं नाही. मग डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आता बघा किती शांत. जे देऊ ते खातात, अंघोळीलासुद्धा चूं करत नाहीत." त्यांनी मला दाखवायला म्हणून एक चमचा त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने तोंड उघडलं, गिळलं, पुन्हा उघडलं. काय होतं त्यात, त्याने बघितलंही नाही.

आईने आयुष्यभर जे केलं त्याला दोन गोळ्या लागतात, भिंगरी. सकाळी एक, संध्याकाळी एक.

मी माझ्याच कपड्यांत गेले होते. त्याने मला ओळखलं नाही, आई म्हणून नाही आणि ताई म्हणूनही नाही. मी शेजारी बसले. भेटीची वेळ तासाभराची असते आणि बोलायला काही नव्हतं. मग मी त्याला आईबद्दल सांगायला लागले. आता घाबरायचं कारणच उरलं नव्हतं. तिचा बाप, ती गल्ली, ते लग्न, तो डॉक्टर, आमचा बाप कसा गेला ते, चादरींचं मशीन, थोरलीचं जाणं, तुझं येणं. आणि माझी एक आठवण निघाली, मलाच नवल वाटलं. मी काढलेला पहिला नकाशा मी घरी घेऊन आले होते. आईने हात ॲप्रनला पुसले, तो टेबलावर पसरला आणि बोटाने रस्ते चाचपत मला विचारलं, "यात मी रोज कुठून जाते ते दाखव." मी दाखवलं. घरापासून लाँड्रीपर्यंत, वितभर रेघ. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती. म्हणाली, "एवढंच?" आणि हसली. माझ्याकडे बघून हसली होती.

हे सगळं मी सोन्याला सांगितलं. शेवटी ती वारली हेही, नीट, कशी आणि कोणत्या सकाळी. त्याचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. तो चमच्यातलं काहीतरी अजून चघळत होता.

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा आहे, त्याला कुणी भेटायला येत नाही. तो कोपरावर रेलून सगळं ऐकत होता. मी गप्प झाले तसा म्हणाला, "मग पुढे?"

मी म्हटलं, "पुढे काही नाही."

"आणि हा?"

"हा इथे आला."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, अजून काहीतरी असेल म्हणून. मग "बरं" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मावशी